फुलकोबीचं बी फ्रिजमध्ये ठेवून काय होतं?

पावसाळा ओसरायला लागला की नागपुरातल्या गच्चीबागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. फुलकोबीचं बी पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग पेरा, गड्डा दुप्पट मोठा येतो म्हणे. या नुस्ख्यानं बियांचं काही बिघडत नाही, पण गड्ड्याला काडीचाही फायदा होत नाही. मला राग येतो तो वेगळ्याच कारणानं. फुलकोबी आणि थंडी यांचं खरोखरच एक नातं आहे, वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी ते एक आहे, आणि व्हिडिओवाल्यांनी नेमकं तेच उलटं करून ठेवलं आहे.

आपल्याकडे वांगी, टमाटर, सांबार (म्हणजे कोथिंबीर), चवळीच्या शेंगा जरा लक्ष दिलं तरी येतात. फुलकोबी तशी नाही. पानं भरघोस येतात, झाड गुडघ्यापर्यंत वाढतं आणि मधोमध काहीच नसतं. नाहीतर सुपारीएवढा गड्डा येऊन तिथंच थांबतो. डिसेंबरात कॉटन मार्केटमध्ये गोबीचे ढीग लागलेले असताना घरी हा खटाटोप कशाला, असं शेजारीपाजारी विचारतात. माझं उत्तर असं की या भाजीत तुम्हाला ऋतू बरोबर ओळखावा लागतो आणि तो ओळखला की नाही हे झाडच दाखवून देतं. खतपाण्याच्या जोरावर ही परीक्षा पास होता येत नाही.

आधी गड्डा म्हणजे नेमकं काय ते पाहू. भाजी चिरताना एक तुरा हातात घ्या. त्याच्यावर लहान तुरे आहेत, त्या लहान तुऱ्यांवर आणखी लहान, आणि त्यांच्यावर दाणे. भिंग असेल तर त्या दाण्यांवरही दाणे दिसतील. आता अख्खा गड्डा वरून पाहा. तुरे मध्यापासून सर्पिलात मांडलेले दिसतात, काही सर्पिलं उजवीकडे वळणारी, काही डावीकडे. नीट मोजली तर बहुतेकदा एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ८ भरतात, किंवा ८ आणि १३. म्हणजे फिबोनाची मालिकेतले शेजारचे आकडे; या मालिकेत प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज असतो. देठावर पानं ज्या क्रमानं येतात तोच हा क्रम आहे, फक्त पानं गायब आहेत.

शाळेत विभाजी ऊती, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा समूह, शिकलो होतो. झाडाच्या प्रत्येक शेंड्यावर या ऊतीचा एक सूक्ष्म उंचवटा असतो. पान करायचं, फांदी करायची की फूल करायचं, हे तिथं ठरतं. एखाद्या उंचवट्याला फूल करायचं असेल तर लीफी नावाचं जनुक जागं होतं. ते पुढच्या दोन जनुकांना चालू करतं: अपेटाला-१ आणि चक्क कॉलिफ्लॉवर हेच नाव असलेलं दुसरं. ही दोघं मिळून निर्णय पक्का करतात, आणि ‘फांदीच राहा’ असं सांगणाऱ्या टीएफएल-१ या जनुकाला गप्प बसवतात. मग मागे फिरणं नाही, फूल होतंच.

फुलकोबीत हे पक्कं करणंच होत नाही. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात अपेटाला-१ आणि कॉलिफ्लॉवर ही दोन्ही जनुकं बिघडवली, तर त्याच्या शेंड्यावर फुलांऐवजी चिमुकले गड्डे येतात. १९९५ मध्ये असं आढळलं की फुलकोबीतल्या कॉलिफ्लॉवर जनुकाची प्रत मध्येच तुटलेली आहे, त्यातून पूर्ण प्रथिन तयार होत नाही. पण फूल झालं नाही म्हणजे नुसती फांदी व्हायला हवी होती, मग हा पांढरा डोंगर कसा? त्याचं उत्तर जुलै २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. फ्रान्स्वा पार्सी, क्रिस्तोफ गोदँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग आणि संगणकी प्रारूप दोन्ही वापरून दाखवलं की प्रत्येक उंचवटा फुलाच्या वाटेवर काही पावलं जातो, टीएफएल-१ त्याला मागे ओढतं आणि तो पुन्हा फांदी होतो. मात्र फुलाच्या वाटेवर जाऊन आल्याचा परिणाम त्याच्यावर राहतो. तो आता पानं करत नाही, सुप्तही पडत नाही. लगेच आपल्या अंगावर नवे उंचवटे काढतो. त्यातला प्रत्येक उंचवटा पुन्हा फुलाच्या वाटेला लागतो, पुन्हा मागे येतो. हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि आपण भाजीत टाकतो तो गड्डा तयार होतो. रोमानेस्को नावाच्या हिरव्या प्रकारात शेंड्यावरचे उंचवटे तयार होता होता मोठे होत जातात, म्हणून तिथं गोल डोक्याऐवजी शंकू दिसतात. एवढासा फरक, आणि आकार पूर्ण वेगळा!

मग थंडीचं काय? झाडाला फुलाच्या वाटेवर पहिल्यांदा ढकलते ती थंडी. १९१८ मध्ये जर्मनीतल्या गुस्ताव गासनर यांनी दाखवलं की हिवाळी राय हे धान्य कोंब फुटण्याच्या काळात थंडीत ठेवलं नाही तर वेळेवर फुलत नाही. थंडी मिळाल्यावर झाड असं फुलायला तयार होतं, याला वासंतीकरण म्हणतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये एफएलसी नावाचं जनुक फुलण्याला अडवून धरतं, आणि थंडी त्या जनुकाला बंद करते. हे बंद करणं मोठं मजेशीर आहे. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी एच-३ या हिस्टोनच्या साखळीतल्या २७ व्या जागी, लायसिन या अमिनो आम्लावर, मिथिल गट नावाच्या तीन चिमुकल्या रासायनिक खुणा बसवल्या जातात. पॉलिकोंब नावाचा प्रथिनसमूह हे काम करतो. प्रत्येक पेशीत एफएलसी चालू असतं किंवा बंद असतं, अर्धवट कधीच नसतं. थंडीचे आठवडे वाढतात तशी बंद झालेल्या पेशींची संख्या वाढते, म्हणजे झाड पेशी मोजून हिवाळा मोजतं. पदराला गाठ मारून ठेवावी तशी ही खूण आहे: थंडी सरली, पेशी विभागली, तरी गाठ सुटत नाही. पण पुढच्या पिढीचं बी तयार होताना ती सोडली जाते. नव्या झाडाला आपला हिवाळा स्वतःच काढावा लागतो.

फ्रिजचा नुस्खा इथंच कोसळतो. गासनरची राय कोंबाच्या अवस्थेतच थंडीची नोंद घेते. फुलकोबी, पत्ताकोबी आणि त्यांचे भाऊबंद तशी घेत नाहीत. त्यांना आधी बालपण पुरं करावं लागतं. जातीनुसार ठरावीक पानं फुटल्याशिवाय शेंड्याला थंडी कळतच नाही. कोरडं बी फ्रिजमध्ये पंधरा दिवस काय, वर्षभर ठेवलं तरी ते फक्त टिकून राहील.

बियांना थंडी देऊन शेतीत क्रांती करू, हे आश्वासन जगानं एकदा ऐकलेलं आहे. सोव्हिएत रशियात ट्रोफिम लायसेन्को यांनी थंडी दिलेल्या बियांच्या जोरावर भरघोस पिकांचे दावे केले. वर, हा गुण पुढच्या पिढीत उतरतो असंही ठासून सांगितलं. सत्ता त्यांच्या बाजूनं होती. त्यांना विरोध करणारे निकोलाय वाव्हिलोव, पिकांच्या उगमस्थानांचा जगभर शोध घेणारे थोर शास्त्रज्ञ, १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीनं मेले. १९४८ मध्ये तिथं आनुवंशिकीच्या संशोधनावर बंदी आली. फोनवरचा व्हिडिओ तेवढा घातक नाही हे खरं, पण पडताळा न घेता पुढे पाठवण्याची सवय तीच आहे.

आता नागपूरकडे येऊ. युरोपातली फुलकोबी भारतात आली ती १८२२ मध्ये, सहारनपूरच्या कंपनी बागेत. त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी उकाड्यात तगणारी झाडं निवडत, त्यांचंच बी धरत, कमी थंडीत गड्डा धरणाऱ्या वेगळ्याच भारतीय जाती घडवल्या. मला हे एखाद्या मोठ्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं. आज लवकर येणाऱ्या जाती, म्हणजे पुसा मेघना किंवा पुसा दीपाली, सरासरी २० ते २७ अंशांत गड्डा धरतात. पुसा शरदसारख्या मधल्या जातीला १६ ते २० अंश लागतात. पुसा स्नोबॉल के-१ सारख्या उशिराच्या जातीला १० ते १६.

आपल्या शहरात डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ अंशांच्या आसपास आणि पहाटे १२-१३ असतात, म्हणजे दिवसाची सरासरी २० च्या आगेमागे. मधूनमधून लाट येते, पण ती चार-पाच दिवसांची. स्नोबॉलला हवी तशी सलग थंडी इथं मिळत नाही. मधल्या जातीचं बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं आणि चार-पाच आठवड्यांचं रोप लावलं, तर गड्डा धरायची वेळ बरोबर आपल्या थंडीत येते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच गड्डा हवा असेल तर लवकरची जात घ्या आणि पेरणीही तेवढीच आधी करा. अडचण अशी की रोपवाटिकेत विचारलं तर जात सांगतच नाहीत, ‘हायब्रीड आहे, छान येते’ एवढंच उत्तर मिळतं. मी तिथून रोप घेणं बंद केलं. पाकिटावर जातीचं नाव आणि पेरणीचा काळ छापलेला असेल तेच बी आणतो आणि रोपं घरीच करतो.

जात आणि हवामान जुळलं नाही की काय होतं, तेही गड्ड्यावर वाचता येतं. जातीच्या गरजेपेक्षा गारठा जास्त झाला, तर ते उंचवटे फुलाच्या वाटेवर जरा पुढेच जातात आणि गड्डा शिजल्या तांदळासारखा दाणेदार, सैल होतो. उकाडा जास्त झाला, तर ते मागे सरकतात आणि तुऱ्यांच्या मधून हिरवी पानं डोकावतात. घट्ट, पांढरा गड्डा या दोन टोकांच्या मधे सापडतो. आणि तो सुपारीएवढा राहतो, तेव्हा बहुतेकदा रोप ट्रेमध्ये जास्त दिवस अडकलेलं असतं किंवा नत्राला उपाशी असतं. बालपण संपतं, थंडीचा निरोप पोचतो, पण गड्ड्याला पोसायला पुरेशी पानंच नसतात. पाळीच्या दिवसांत कुणी हात लावला म्हणून गड्डा बसला नाही, हे मी सुशिक्षित घरांत ऐकलं आहे. झाडाला असलं काही कळत नाही. घरातल्या मुलींना बागेपासून लांब ठेवू नका.

मातीबद्दल थोडक्यात. पान चाबकासारखं अरुंद होणं हे मॉलिब्डेनमच्या कमतरतेचं लक्षण आम्लधर्मी जमिनीतलं आहे. त्यावर चुना टाकायचा सल्ला आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत चालत नाही. उलट अशा मातीत बोरॉन अडकून पडतं, मग देठ आतून पोकळ होतो आणि गड्ड्यावर तपकिरी डाग पडतात. त्यावर उपाय म्हणजे बोरॉन पुरवणारं बोरॅक्स, पण बेतानं: हेक्टरी १० ते १५ किलो म्हणजे चौरस मीटरला जेमतेम एक-दीड ग्रॅम. त्याहून जास्त टाकलं तर ते विष ठरतं. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या रोज पानांच्या मागून वेचायच्या.

मला सर्वांत जास्त आनंद कापणीच्या दिवशी होत नाही. डिसेंबरच्या एखाद्या सकाळी मधली कोवळी पानं बोटांनी अलगद बाजूला करताना होतो. ती पानं आतून किंचित वळलेली असतात, त्यांच्यावर मेणासारखा निळसर थर असतो, आणि तळाशी बोराएवढी घट्ट, दुधी गाठ बसलेली असते. सप्टेंबरमध्ये कॅलेंडर पाहून घेतलेला निर्णय बरोबर होता, हे तिथं कळतं. गड्डा मुठीएवढा झाला की भोवतालची पानं वर ओढून सुतळीनं सैल बांधा. ऊन लागलं तर तो पिवळट पडतो आणि चवही उग्र होते.

एक गड्डा मात्र कापू नका. जानेवारी सरता सरता तो सैल होऊ लागतो, तुरे लांबतात, बहुतेक दाणे वाळून जातात आणि थोडे अखेर चार पाकळ्यांचं पिवळं फूल करतात. त्याचं बी धरायचं असेल तर एकाच झाडावर विसंबू नका. आपल्या लवकर येणाऱ्या भारतीय जाती स्वतःचा पराग सहसा स्वीकारत नाहीत, त्यामुळे निदान तीन-चार झाडं एकाच वेळी फुलायला हवीत आणि त्यांच्यात मधमाश्यांची ये-जा हवी. जवळपास पत्ताकोबी किंवा नवलकोल फुलत असेल तर संकर होऊन भलतंच काही उगवेल, कारण ही सगळी एकाच प्रजातीची झाडं आहेत.