ग्रहणाच्या माथी मारलेला आजार

बाळाच्या डोळ्यात पांढरट झाक दिसली की कोल्हापूरकडची म्हातारी माणसं आधी आईलाच विचारतात, "गिराण पाळलं न्हाईस व्हय गं?" त्या बाईच्या मनावर हा प्रश्न जन्मभराचा घाव घालतो.

उत्तर १९४१ सालीच मिळालं होतं. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली तान्ही मुलं एकामागून एक येऊ लागली. असा मोतीबिंदू तोवर आनुवंशिक मानला जाई. ग्रेग यांनी आयांचं ऐकून घेतलं. दिवस गेल्यावर सुरुवातीलाच जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, येऊन गेल्याचं बहुतेकींनी सांगितलं. तीन दिवसांची पुरळ, बारीक ताप, कानामागे गाठी; एवढ्याशा आजाराला कोण मोजतं? सहकाऱ्यांच्या रुग्णांसह ७८ बाळांची नोंद त्यांनी मांडली. अनेकांच्या हृदयातही दोष होता.

बहिरेपण त्या नोंदीत नव्हतं. मुलं बोलायच्या वयाची झाली, तेव्हा ते कळलं. हा विषाणू वारेतून गर्भात शिरतो, घडत्या अवयवांत ठाण मांडतो आणि जन्मानंतरही कित्येक महिने बाळाच्या शरीरात राहू शकतो. म्हणूनच नुकसान एकदम दिसत नाही. त्या काळातल्या मुलांची ऑस्ट्रेलियात पंचवीस आणि पन्नास वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण जास्त आढळलं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की डॉक्टरांनी त्या मुलांचा माग सोडला नाही.

१९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं हा आजार घेऊन जन्मली. तिथे १९६९ मध्ये लस आली. आपल्याकडे ऐपत असलेले पालक खासगीत एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस, टोचून घेत. सरकारी गोवर-रुबेला मोहीम सुरू व्हायला २०१७ उजाडलं. कर्नाटक पहिल्या टप्प्यात होतं, त्यामुळे निपाणीच्या शाळांत ही लस आधी पोचली. कागल-कोल्हापूरच्या मुलांना नोव्हेंबर २०१८ पर्यंत थांबावं लागलं.

ती मोहीम नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी होती. तेव्हा दहावीत असलेल्या मुलींची आता लग्नं होताहेत. त्यांच्या थोरल्या बहिणी मात्र मोहिमेबाहेर राहिल्या. गरोदरपणात ही लस देत नाहीत, म्हणून त्यांनी दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधी ती टोचून घ्यायला हवी.