ऐन बाराला सोलर इन्व्हर्टर बंद का पडतो?

कडक ऊन, निरभ्र आकाश, आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’, म्हणजे लाइनचं व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त. सकाळी आठला नीट चालणारा इन्व्हर्टर बाराला थांबतो, काही मिनिटांनी सुरू होतो, पुन्हा थांबतो. लोक इन्व्हर्टर बदलून मागतात. दोष अनेकदा गच्चीपासून मीटरपर्यंतच्या वायरीत असतो.

पंपाकडे वीज जाते तेव्हा वायरीत व्होल्टेज घटतं. सोलरची वीज उलट्या दिशेने येते, म्हणून तेवढाच फरक इन्व्हर्टरच्या टोकाला वाढून दिसतो. आपल्याकडच्या नियमानुसार फेज-न्यूट्रल व्होल्टेज 230 च्या 110 टक्क्यांवर, म्हणजे 253 च्या वर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत लाइनपासून सुटायचं असतं. घर डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) असेल आणि मीटरवरच 248 मिळत असतील, तर हाताशी उरतात फक्त पाच व्होल्ट.

आता हिशोब बघा. 5 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर सुमारे 22 अँपिअर देतो. मीटर 40 मीटरवर, वायर 6 चौरस मिमी तांब्याची. जाऊन-येऊन 80 मीटर, रोध 0.26 ओहम. व्होल्टेज 5.7 ने चढलं, 248 चे 253.7 झाले, इन्व्हर्टर बंद. तेच 5 किलोवॅट थ्री फेजवर टाकले तर प्रत्येक फेजला 7.2 अँपिअर येतात. तिन्ही फेज समान असल्याने न्यूट्रलमधून जवळपास काहीच वाहत नाही, त्यामुळे परतीचे 40 मीटर हिशोबातून गळतात. करंट तिसरा हिस्सा, अंतर निम्मं. वाढ सहावा हिस्सा, एक व्होल्टसुद्धा नाही. मीटर थ्री फेज असेल तर इन्व्हर्टरही थ्री फेजच घ्यावा. सिंगल फेज आधीच बसवला असेल तर 16 चौरस मिमीची वायर ओढा. वाढ दोन व्होल्टच्या आसपास येते.

डीबीत, म्हणजे घरातल्या वीजवाटप पेटीत, सोलरला स्वतंत्र चार पोल एमसीबी हवा (करंट जादा झाला की तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा स्विच). 10 किलोवॅट थ्री फेजला दर फेजी 14.5 अँपिअर, त्यावर पाव भाग जादा धरून 20 अँपिअर, सी कर्व्ह (क्षणिक झटक्याला न पडणारा प्रकार). गीझर अर्ध्या तासात बंद होतो, सोलर मात्र चार-पाच तास सलग वाहतो, म्हणून तो एमसीबी तापतो. शेजारी एक खण रिकामा सोडा. बसबारही, म्हणजे सगळे एमसीबी जोडणारी धातूची पट्टी, तपासा: मेनचा एमसीबी 40 चा आणि सोलरचा 20 चा असेल, तर एकही ट्रिप न होता बसबारवर 60 अँपिअर जमू शकतात.

सगळ्यात जास्त काळजी न्यूट्रलची घ्या. बारीक तारांची वायर नुसती पिळून लिंकमध्ये (न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीत) खुपसली की स्क्रूखालून अर्ध्या तारा निसटतात, काही महिन्यांत टोक काळं पडतं, इन्सुलेशन करपतं. फेरुल (टोकावर बसणारी धातूची छोटी नळी) दाबूनच टोक आत घाला. मेनचा न्यूट्रल सुटला तर कमी लोडच्या फेजवरचं व्होल्टेज 400 कडे सरकतं. इन्व्हर्टर स्वतःला वाचवतो. फ्रीज, टीव्ही जळतात. वायरमनने चालू करण्याआधी मल्टीमीटरने फेज-फेज 400 ते 415 आणि प्रत्येक फेज-न्यूट्रल 230 ते 240 येतात का, हे मोजलंच पाहिजे.

काम करताना आधी एसी बाजू, म्हणजे डीबीतला सोलरचा एमसीबी बंद करा, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच). लोड चालू असताना पॅनलचा कनेक्टर ओढला तर ठिणगी तुटत नाही, लांबत जाते. आणि आयसोलेटर बंद केल्यावरही, ऊन आहे तोवर 15 पॅनलच्या रांगेतून येणाऱ्या वायरीत 600 व्होल्टच्या आसपास जिवंत असतात.