आतड्याच्या पेशी यकृतात कशा शिरतात?

यकृत बिघडलं म्हटलं की आपल्याला दारू आठवते, नाहीतर कावीळ. त्यामुळे अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या, म्हणजे मोठं आतडं सतत सुजलेल्या मुलाच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढले, की घरचे गोंधळतात. हा दुसरा आजार कुठून आला? अनेकदा तो पहिल्याचाच सोबती असतो.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने २००१ मध्ये स्वयंप्रतिकार यकृतविकाराच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर हल्ला करते अशा आजाराच्या, ५५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २७ मुलांच्या पित्तनलिकाही, म्हणजे यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्याही, खराब झालेल्या होत्या, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना आतड्याचा दाह होता.

यकृताला मिळणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, आतड्याकडून येतं. पण रक्तातली पेशी वाटेल तिथे उतरत नाही. आतड्याजवळच्या लसिकाग्रंथींत टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, तयार होतात, तेव्हा जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेल्या रेटिनोइक आम्लामुळे त्यांच्यावर अल्फा-४-बीटा-७ नावाचं प्रथिन उमटतं. हा त्यांचा पत्ता. तो जुळतो मॅडकॅम-१ या रेणूशी, आणि हा रेणू एरवी आतड्याच्याच रक्तवाहिन्यांवर असतो. सुजलेल्या यकृतात मात्र तोही दिसू लागतो! बर्मिंगहॅमच्या डेव्हिड ॲडम्स यांच्या गटाने हे दाखवलं. यकृतातलं व्हॅप-१ हे विकर (एन्झाइम) अन्नातल्या मिथिलअमाइनचं विघटन करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, आणि मॅडकॅम-१ आणखी वाढतं. या टी-पेशींतल्या काही स्मृतिपेशी, म्हणजे जुनी ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, होतात आणि वर्षानुवर्षं जगतात. म्हणूनच मोठं आतडं काढून टाकल्यावरही काहींना यकृताचा आजार होतो, असं ॲडम्स यांचं म्हणणं. तरीही अल्फा-४-बीटा-७ आणि मॅडकॅम-१ यांचा हा जोड अडवणाऱ्या वेडोलिझुमॅब या औषधाने आतडं शांत होतं, पित्तनलिकांना मात्र तसा फायदा दिसलेला नाही. म्हणजे कोडं अजून अर्धंच सुटलंय.

यात माळ घालून कावीळ उतरवणं किंवा डाग देणं म्हणजे मुलाचा छळ आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ गुळवेलीचा काढाही देऊ नका. इथे तीच शक्ती बेफाम झालेली असते. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली आहे.

प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी यकृताची सूज बहुधा आटोक्यात येते, पित्तनलिकांचा आजार मात्र अनेकदा पुढे सरकतो. म्हणून तो लवकर सापडायला हवा. वाढत्या वयात हाडांमुळेही रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तनलिकांच्या आजारात वाढणारं एक विकर) वाढतं, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका. आतड्याचा दाह असलेल्या मुलाची ‘जीजीटी’ ही पित्तनलिकांच्या त्रासात वाढणाऱ्या विकराची रक्ततपासणी अधूनमधून करून घ्या, डोळे पिवळे नसले तरी. ती चढलेली असेल तर पित्तनलिकांची एमआरआय तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचाराच.