झोटेरोची 300 एमबीची भीती

"झोटेरो घेऊ नकोस, 300 एमबी भरले की संदर्भ साठवणं बंद होतं." संदर्भ साठवायच्या झोटेरो या सॉफ्टवेअरबद्दल पीएचडीला बसणाऱ्याला हे कोणीतरी ऐकवतंच. तसं काही होत नाही. ती मर्यादा फक्त झोटेरोच्या सर्व्हरवर फुकट ठेवायच्या फायलींना आहे, म्हणजे मुख्यतः पीडीएफना. लेखक, शीर्षक, वर्ष, टिपा या नोंदी कितीही असोत, सिंक होतात. आणि स्वतःच्या संगणकावर डिस्क भरेपर्यंत पीडीएफ ठेवा, कोण अडवतंय? जागा संपल्याचा इशारा आलाच, तर सेटिंग्जमध्ये जाऊन फायलींचं सिंक तेवढं बंद करा किंवा वेबडॅव्ह, म्हणजे फायली दुसऱ्या सर्व्हरवर ठेवायची सोय, जोडा. (ग्रुप लायब्ररीतल्या फायली वेबडॅव्हवर जात नाहीत, ही मात्र खरी अडचण.) सॉफ्टवेअर निवडताना मी आधी बघतो ते वेगळंच: सगळे संदर्भ आरआयएस किंवा बिबटेकमध्ये, म्हणजे इतर संदर्भ-सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या फाइल-प्रकारांत, बाहेर काढता येतात का?