युनिव्हर्सल प्लेअर घेताय? आधी मागची केबल बघा

कोथरूडच्या टू-बीएचकेत 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) लावून झालं, सबवूफर कोपऱ्यात बसला, खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर येऊन बोलून गेले, की पुढचा प्रश्न ठरलेला, प्लेअर कुठला घ्यायचा? आता डिस्क कोण बघतं म्हणाल तर 4के ब्ल्यू-रेवरून सेकंदाला 100 मेगाबिटच्या वर डेटा येऊ शकतो आणि स्ट्रीमिंगवाले 4के साधारण 15-25 मेगाबिटमध्ये उरकतात. अंधाऱ्या सीनमध्ये काळ्यात चौकोनी ठोकळे दिसतात ना, ते या काटकसरीचं फळ.

युनिव्हर्सल म्हणजे सीडी, डीव्हीडी, ब्ल्यू-रे तर वाजवतोच, पण एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि डीव्हीडी-ऑडिओ, या सीडीपेक्षा बारीक तपशिलाच्या गाण्यांच्या डिस्क, पण वाजवतो तो. सगळ्या डिस्क 12 सेंटीमीटरच्याच, पण आत भानगड वेगळी. सीडीवरच्या ओळी एकमेकींपासून 1.6 मायक्रॉनवर, डीव्हीडीच्या 0.74 आणि ब्ल्यू-रेच्या 0.32. जाड मार्करने पंचांगातली एक ओळ रंगवायला गेलं की वरखालच्या पण रंगतात, तसंच लेझरचा ठिपका मोठा असेल तर शेजारच्या ओळींची सरमिसळ होते, म्हणून ओळी जवळ आल्या तशी लेझरची तरंगलांबी कमी करावी लागली : सीडीला 780 नॅनोमीटर म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणारा, डीव्हीडीला 650 चा लाल, ब्ल्यू-रेला 405 चा, जो नावाला ब्ल्यू पण खरा जांभळाच. शिवाय खोली पण वेगळी. सीडीत डेटा 1.2 मिलिमीटर आत, डीव्हीडीत 0.6, ब्ल्यू-रेत जेमतेम 0.1. डिस्क टाकल्यावर प्लेअर काही सेकंद कुरकुरतो तेव्हा आत लेन्स वर-खाली होऊन नेमका कुठला थर आहे ते चाचपत असते, तो बिघाड नाही.

एसएसीडीची गंमत अजून भारी आहे. हायब्रिड एसएसीडीत, म्हणजे जिच्यात साध्या सीडीचा थर पण असतो तिच्यात, वरचा थर 780 च्या लेझरला आरपार जाऊ देतो पण 650 च्या लाल लेझरला परत फिरवतो, म्हणजे एकाच बाजूने साधा सीडी प्लेअर सीडी वाचतो आणि एसएसीडीवाला सेकंदाला आवाजाचे 28 लाखांहून जास्त एक-बिटी नमुने उचलतो. लाल लेझर डीव्हीडी प्लेअरमध्ये पण असतोच की, मग तो का नाही वाजवत? कारण डेटा एन्क्रिप्टेड आहे आणि किल्ली लायसन्सवाल्यांकडे. म्हणजे अडतं ते कागदावर.

आता पैशाचं बोलू. महागड्या प्लेअरची बरीच किंमत असते आतल्या डॅकची, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणाऱ्या सर्किटची. पण तुम्ही एचडीएमआयने एव्हीआरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या होम थिएटरच्या ॲम्पला, जोडलंत की तो डॅक नुसता बसून राहतो, काम एव्हीआरचा डॅक करतो आणि बिट स्वस्त प्लेअरचे काय महागाचे काय, तेच. ॲनालॉग आउटने स्टीरिओ ॲम्पला जोडणार असाल तरच त्यावर खर्च करा, नाहीतर माझ्या मते ते पैसे स्पीकरवर घाला. ऑप्टिकल केबल मात्र नको, तिच्यातून ट्रूएचडी (ब्ल्यू-रेवरचा काटछाट न केलेला आवाज) पण जात नाही आणि एसएसीडीचा मूळ डेटा पण नाही.

रीजन बघा, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचा कोड. भारत डीव्हीडीला 5, ब्ल्यू-रेला सी, त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाने कौतुकाने आणलेली डिस्क चालेलच असं नाही. 4के डिस्कला रीजन नसतो. आणि प्लेअरच तिकडून येत असेल तर मागच्या बाजूला 120 व्होल्ट लिहिलंय का ते प्लग लावायच्या आधी वाचा.

मॉडेलं फार उरली नाहीत. ओप्पोने 2018 मध्ये हा धंदा बंद केला, सॅमसंगने 2019 मध्ये. सोनीचा एक्स800एम2 एसएसीडी वाजवतो, पॅनासोनिकचा यूबी820 चित्राला उत्तम पण एसएसीडी नाही, आणि मॅग्नेटार वाजवतो सगळं पण खिसा बघून. म्हणून बरेच जण जुन्यात शोधतात. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तापकीर गल्लीत असो की कुणाच्या घरी, बघायला जाताना सीडी, डीव्हीडी, ब्ल्यू-रे, एसएसीडी सगळ्या पिशवीत टाकून न्या. लेझर वेगवेगळे, त्यामुळे दमतात पण वेगवेगळे, सीडी मस्त वाजली म्हणजे जांभळा शाबूत आहे असं नाही. दोन थरांची ब्ल्यू-रे असेल तर शेवटचा अर्धा तास लावून बघायलाच सांगा, अडकायचं तर बहुतेक तिथे अडकतं.