संशय आधी, कॅमेरा नंतर

‘आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग कॅमेऱ्याला कशाला घाबरायचं?’ हे वाक्य मुंबईत सोसायटीच्या बैठकीपासून लोकलच्या डब्यापर्यंत कुठेही ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ला दहा जण समुद्रातून आले आणि १६६ माणसं गेली. ज्या शहराने हे सोसलं, त्याला पाळत हवीशी वाटली तर नवल नाही.

पण या वाक्यात एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते : यंत्र फक्त दोषी माणसावरच बोट ठेवतं. हे खरं आहे का, हे तपासायला शाळेतली टक्केवारी पुरते.

मुंबईच्या लोकलचे प्रवासी दिवसाला सुमारे ७५ लाख. समजा, सगळ्या स्थानकांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे लावले आणि पोलिसांना हवे असलेले २० अतिरेकी आज खरोखरच या गर्दीत आहेत. कॅमेरा उत्तम आहे असं धरू. खरा अतिरेकी समोर आला तर १०० पैकी ९९ वेळा तो ओळखतो आणि निरपराध माणसाच्या बाबतीत हजारात एकदाच चुकतो. विक्रेता याला ‘९९.९ टक्के अचूक’ म्हणेल.

आता मोजा. वीसच्या वीस अतिरेकी बहुतेक सापडतील. पण ७५ लाखांचा हजारावा भाग म्हणजे ७,५००. इतक्या निरपराध माणसांवरही त्याच दिवशी इशारा वाजेल. म्हणजे वाजलेल्या सुमारे ३८० इशाऱ्यांमागे खरा एक. प्रत्येकाला बाजूला घेऊन ओळखपत्र तपासायला दहा मिनिटं धरली, तरी १,२५० तास लागतात. आठ तासांच्या पाळीने दीडशेहून अधिक पोलीस दिवसभर फक्त चुका निस्तरत बसतील. आणि या चुका रोज नव्या माणसाच्या वाट्याला येत नाहीत. ज्याचा चेहरा यादीतल्या एखाद्या फोटोशी जुळतो, तो कल्याणचा कारकून उद्याही अडवला जाणार आणि परवाही. त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

हे कागदावरचंच गणित नाही. २०१७ साली वेल्समधल्या कार्डिफ शहरात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला पोलिसांनी अशी यंत्रणा लावली होती. २,४७० इशारे आले, त्यांतले २,२९७ चुकीचे निघाले.

यंत्र सुधारलं तर? चूक दहा हजारांत एकवर आणली, तरी सुमारे ३९ इशाऱ्यांमागे एकच खरा. दोष यंत्राच्या काचेत नाही, शोधायची गोष्ट फार दुर्मीळ असण्यात आहे. अठराव्या शतकातल्या थॉमस बेझच्या नावाने ओळखला जाणारा नियम इथे लागू होतो, आणि त्याचं मला सर्वांत आवडणारं रूप ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंगने दुसऱ्या महायुद्धात वापरलं. इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात जर्मन नौदलाचे, एनिग्मा यंत्राने सांकेतिक केलेले संदेश फोडताना त्याला रोज एकच प्रश्न पडायचा : हा पुरावा किती वजनाचा? त्याने पुराव्याला चक्क एकक दिलं, ‘बॅन’. कामासाठी लागणारे लांबलचक कागद बॅनबरी गावात छापले जात, त्यावरून हे नाव. बॅनचा दहावा भाग म्हणजे डेसिबॅन.

रीत अशी. आधी शक्यतेचं गुणोत्तर घ्यायचं. कुठलीही माहिती नसताना एखादा प्रवासी अतिरेकी असण्याचं गुणोत्तर १ : ३,७५,०००. मग पुराव्याचं बळ काढायचं : खऱ्यावर इशारा वाजण्याची शक्यता भागिले निरपराधावर वाजण्याची शक्यता, म्हणजे ०.९९ भागिले ०.००१, बरोबर ९९०. या दोन्हींचा गुणाकार केला की नवं गुणोत्तर मिळतं. ट्युरिंगने गुणाकाराऐवजी लॉगॅरिदम (तो आकडा दहाचा कितवा घात आहे ते) घेतले, त्यामुळे नुसती बेरीज उरली. लॉगला दहाने गुणलं की डेसिबॅन. आपला प्रवासी सुरुवातीला उणे ५६वर आहे. कॅमेऱ्याचा इशारा अधिक ३०. बेरीज उणे २६. शून्य म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता, म्हणजे एवढा महागडा कॅमेरा वाजूनही आपण शून्याच्या खूप खालीच राहतो.

उरलेले डेसिबॅन कुठून आणायचे? शेजारी तोच प्रोग्रॅम चालवणारा दुसरा कॅमेरा लावून ते मिळत नाहीत. चेहरा सारखा दिसतो म्हणून पहिला फसला, तर दुसराही त्याच कारणाने फसेल. बेरीज स्वतंत्र पुराव्यांचीच करता येते. खबऱ्याने दिलेला पत्ता, बीट हवालदाराने टिपलेला नवा भाडेकरू, बँकेतला न जुळणारा व्यवहार. अशा माहितीवरून शोध २०० माणसांवर आला आणि त्यांत ५ जण खरे असले, तर सुरुवातच उणे १६वरून होते. आता तोच कॅमेरा वाजला की बेरीज अधिक १४, म्हणजे २५ खऱ्या इशाऱ्यांमागे खोटा एक. यंत्र तेच, फक्त आधी संशयाला आधार होता.

संशयिताच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजणाऱ्या ‘ब्रेन मॅपिंग’ चाचणीचंही असंच झालं होतं. मेंदू खोटं बोलत नाही, असं छातीठोकपणे सांगितलं जायचं, पण किती निरपराधांचा मेंदू तसाच ‘बोलतो’ हे विचारायचं राहून जायचं. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को (औषधाच्या गुंगीत चौकशी), पॉलिग्राफ (खोटं पकडायची यंत्रचाचणी) आणि ब्रेन मॅपिंग करायला मनाई केली. यंत्राला वायरी जोडल्या म्हणून ते विज्ञान होत नाही.

आता कायद्याकडे पाहा. १९९६ साली फोन टॅपिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हीच माहिती दुसऱ्या मार्गाने मिळेल का, हे आदेश देण्याआधी तपासा. महाराष्ट्राच्या १९९९च्या मोक्का कायद्यातही टॅपिंगची परवानगी मागताना तपासाचे इतर मार्ग वापरून झाले का, हे लिहून द्यावं लागतं आणि मंजुरी एका वेळी ६० दिवसांपुरतीच असते. २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि सरकारी हस्तक्षेप गरजेच्या प्रमाणात हवा, ही कसोटी पुढे आली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचखोरीच्या प्रकरणात टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि केलेली ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली, कारण सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच तिथे नव्हता.

या अटी पोलिसांचे हात बांधतात, अशी तक्रार होते. मला त्या उलट्या दिसतात. ‘आधी संशयाला आधार दाखवा’ ही अट म्हणजे सुरुवातीचं गुणोत्तर वर आणणं. सुरक्षितता एका पारड्यात, खासगीपणा दुसऱ्यात, हे तराजूचं चित्रच इथे फसवं आहे. सरसकट पाळतीत दोन्ही पारडी एकदम खाली जातात.

अडचण आहे ती अटी पाळल्या जातात का, यात. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलींची चौकशी करणारे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याच अध्यक्षतेखालच्या माहिती-संरक्षण समितीने २०१८ साली नोंदवलं की टॅपिंगचे आदेश तपासणाऱ्या सरकारी समितीपुढे दोन महिन्यांतून होणाऱ्या एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश असतात. बैठक आठ तास चालली तरी एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. २०२३चा नवा दूरसंचार कायदा आला, तरी आदेश देणारे सचिव आणि तपासणारेही सचिव, ही रचना कायम आहे. न्यायाधीश त्यात कुठेच नाही.

अमेरिकेत १९६८च्या कायद्यानुसार फौजदारी तपासातल्या टॅपिंगचा अहवाल दरवर्षी न्यायव्यवस्थेकडून छापला जातो. किती आदेश, किती संभाषणं ऐकली, त्यांतली किती गुन्ह्याशी संबंधित निघाली, किती अटका, किती शिक्षा. मुंबईच्या स्थानकांवर चेहरा ओळखणारी यंत्रणा चालवायची असेल, तर दर महिन्याला दोन आकडे तरी छापावेत : इशारे किती वाजले आणि त्यांतले खोटे किती निघाले. त्यात कुणाचं नाव लागत नाही, आणि ते वाचून कुठलाही अतिरेकी शहाणा होत नाही.