लो-फ्लोअर ट्राम

लो-फ्लोअर ट्राम म्हणजे पायऱ्या न चढता थांब्यावरून सरळ आत जाता येतं अशी शहरी ट्राम. फ्लोअर रुळापासून साधारण 30 ते 35 सेंटीमीटरवर, त्यामुळे व्हीलचेअर किंवा बाबागाडी कुणी न उचलता आत जाते.

पहिली कोणती यावर एकमत नाही. न्यूयॉर्कमध्ये 1912 सालीच हेडली-डॉइल पद्धतीची बिनपायरीची ट्राम निघाली होती, दार मधोमध आणि तिथला भाग खाली उतरवलेला, पण तो धागा पुढे टिकला नाही म्हणून बरेच जण सुरुवात 1984 च्या जिनिव्हापासून धरतात. तिथे फ्लोअर 48 सेंटीमीटर होता आणि गाडीचा 60 टक्के भागच खाली होता. 1987 मध्ये ग्रनोबलला तो 35 च्या आत आला, आणि त्यामागे तिथल्या अपंगांच्या संघटनांचा रेटा होता हे विसरू नये. संपूर्ण लो-फ्लोअरचा मान काही जण इटलीच्या सोचिमी कंपनीच्या 1989 च्या प्रोटोटाइपला देतात, काही जण 1990 च्या ब्रेमेनच्या गाडीला. सोचिमीची कल्पना पुढे स्ट्रासबर्गच्या युरोट्राममध्ये (1994) उतरली हे खरं, तरी ब्रेमेनचंच डिझाइन बर्लिन-म्युनिकमध्येही रोजच्या वापरात आलं, म्हणून पारडं तिकडे झुकतं असं वाटतं.

खरी अडचण ॲक्सलची, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याची. चाक साधारण 60 सेंटीमीटरचं, म्हणजे ॲक्सल 30 वर येतो, मग त्याच्यावरून सपाट फ्लोअर नेणार कसा? म्हणून ॲक्सलच काढला आणि प्रत्येक चाक सुटं फिरू दिलं. पण ॲक्सलने जोडलेली निमुळती चाकं आपोआप दोन रुळांच्या मध्याकडे सरकतात, सुट्या चाकांत तो गुण जातो, कड रुळाला घासते, झीज वाढते. चाकं आतमध्ये डोकावतात ती वेगळीच, म्हणून त्यांना झाकणाऱ्या खोक्यांवर पाठीला पाठ लावून सीट बसवतात आणि मधली वाट अरुंद होते. मशिनरी छतावर जाते, वजन वर चढतं.

बोगी (इथे डबा नाही, चाकांचा सांगाडा) वळू न देता डब्यालाच घट्ट बसवायची आणि मधले डबे टांगते ठेवायचे हा सोपा उपाय सीमेन्सच्या कॉम्बिनो ट्रामने घेतला, पण वळणावरचा पीळ सांगाड्याला झेपला नाही, 2004 मध्ये तडे दिसले आणि 1,20,000 किलोमीटरपेक्षा जास्त धावलेल्या गाड्या थांबवायला लागल्या. व्हिएन्नाच्या यूएलएफ ट्रामने मोटर उभ्या बसवून दारातली उंची 18 सेंटीमीटरपर्यंत आणली. प्रागच्या श्कोडा 15टी मध्ये बोगी पुन्हा वळायला लागली, 16 चाकांना 16 मोटर. तरी बरीच शहरं अजून 70 टक्के लो-फ्लोअरवाली गाडीच घेतात, टोकाला नेहमीचा ॲक्सल आणि आत दोन पायऱ्या, कारण रूळ जुने आणि वळणं अवघड असली की ती जास्त शांतपणे चालते.